वही कधी म्हणाली नाही, एवढंच लिही: लहानमोठ्या नोंदी डेटाबेसमध्ये ठेवताना

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझ्या मामांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतातल्या पंपांच्या मोटरी येतात, जळालेली तांब्याची तार काढली जाते, नवी भरली जाते, वार्निश मारून वाळवून मोटर परत जाते. दारातल्या टेबलावर एक लांबट जॉब वही असते. तिच्यात एका ओळीत लिहिलेलं असतं, "बेअरिंग बदललं." त्याच्या खालीच दीड पान भरलेलं असतं: मोटर कुठल्या गावची, किती दिवस पाण्याखाली होती, आधी कुणी उघडली होती, स्टेटरमध्ये गाळ किती निघाला, शेतकऱ्याशी काय बोलणं झालं. वहीला दोन्ही चालतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. नदीकाठच्या मोटरी कित्येक दिवस पाण्यात राहिल्या आणि पूर ओसरल्यावर ट्रॉल्या भरभरून उद्यमनगरात आल्या. मामांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. त्याआधी काही महिने मी त्यांना जॉबच्या नोंदी ठेवायला एक छोटा प्रोग्रॅम करून दिला होता. शेरा लिहायच्या रकान्याला मी लांबी दिली होती २५५. का २५५, तर सगळे तेवढीच देतात म्हणून.

त्या गर्दीत प्रयाग चिखलीची एक मोटर आली. दुकानातल्या पोरानं सगळं नीट टाइप केलं. शेवटचं वाक्य होतं, "स्टार्टर सोबत आणलेला नाही." रकान्याची लांबी आड आली आणि डेटाबेसमध्ये उरलं ते "स्टार्टर सोबत आणले" एवढंच. पुढचं "ला नाही" कुणालाही न सांगता गळून गेलं. मामांनी ते वाचलं, स्टार्टर आला होता असं धरलं आणि दुकानभर शोधाशोध सुरू झाली. तीन दिवसांनी मामांनी स्वतःच्या पैशांनी एक नवा स्टार्टर बाजूला काढून ठेवला. मोटर न्यायला आलेला शेतकरी तो बघून म्हणाला, "अवो मामा, स्टार्टर घरातच हाय की. म्या आणलाच नव्हता."

मामा मला रागावले नाहीत. त्यांनी जुनी वही पुढ्यात सरकवली आणि म्हणाले, "आरं, वही कवा म्हनली न्हाई बग, एवढंच लिव म्हनून."

कमी-जास्त लांबीचा मजकूर डेटाबेसमध्ये कसा ठेवायचा, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्यासाठी पुस्तकी राहिला नाही. तेव्हापासून जे शिकलो ते इथं सांगतो. दुकानाचा, दवाखान्याचा, शाळेचा, गावच्या वाचनालयाचा असा कुठलाही छोटा प्रोग्रॅम करणाऱ्याला ते उपयोगी पडेल.

२५५ आलं कुठून?

संगणकाचा एक बाइट म्हणजे आठ बिट. आठ बिटांत ० पासून २५५ पर्यंतचे आकडे मावतात. कमी-जास्त लांबीचा मजकूर ठेवताना डेटाबेस आधी लिहितो "पुढं इतके बाइट आहेत" आणि मग मजकूर. हा लांबीचा आकडा एकाच बाइटात बसवायचा तर मजकूर २५५ च्या पुढं जाऊन चालत नाही. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या जुन्या आवृत्त्यांत व्हार्चार या कमी-जास्त लांबीच्या मजकुराच्या प्रकाराची मर्यादा खरोखरच २५५ होती. ५.०.३ आवृत्तीपासून ती उठली, पण बोटांची सवय तशीच राहिली. आज २५५ च्या पुढं जाण्याची किंमत आहे लांबीच्या आकड्यासाठी आणखी एक बाइट. त्या एका बाइटाच्या मोहात मी मामांना तीन दिवस स्टार्टर शोधायला लावला.

त्याच्याही मागं गेलं तर पंच कार्ड सापडतं, म्हणजे भोकं पाडून माहिती नोंदवायचा जाड कागद. आयबीएमच्या १९२८ च्या कार्डावर ८० रकाने असायचे आणि प्रत्येक माहितीला ठरावीक रकाने वाटून दिलेले असायचे. नाव लहान असलं तर उरलेली जागा कोरी, मोठं असलं तर नाव तोडायचं. डेटाबेसमधला 'चार' (CHAR) हा ठरावीक लांबीचा प्रकार त्याच वळणाचा आहे: शंभर म्हणून ठेवला तर दहा अक्षरांच्या मजकुरालाही शंभरची जागा धरायची. नोंदींसाठी तो कधीच वापरू नये. पिनकोडसारख्या सदैव सहा आकडी गोष्टीला वापरला तर एक वेळ चालेल.

आजचे डेटाबेस मर्यादेकडे वेगवेगळ्या नजरेनं बघतात, आणि हा फरक माहीत नसला तर फसायला होतं. पोस्टग्रेसमध्ये 'व्हार्चार २५५' आणि बिनमर्यादेचा 'टेक्स्ट' साठवण्याच्या दृष्टीनं एकच. २५५ हा फक्त दारावरचा पहारेकरी. मजकूर मोठा असेल तर तो नोंद घेतच नाही, चूक आहे असं सांगतो. एसक्यूलाइटमध्ये २५५ लिहिलं तरी तो आकडा पाळलाच जात नाही, हवं तेवढं मावतं. मायएसक्यूएलमध्ये कडक तपासणी चालू असेल तर चूक दाखवली जाते. ती बंद असेल तर जादाचा मजकूर छाटून बाकीचा ठेवला जातो, आणि इशारा तेवढा मागं राहतो, जो कुणी वाचत नाही. ५.७ आवृत्तीपासून कडक तपासणी मुळातच चालू असते. मी ती बंद ठेवली होती, कारण ती चालू असली की माझा प्रोग्रॅम सारखा अडायचा. तो अडत होता तेच बरोबर होतं.

अक्षर मोजायचं कशात?

मराठीत नोंदी ठेवणाऱ्यानं इथं जरा थांबायला हवं, कारण इंग्रजीसाठी लिहिलेल्या शिकवण्यांत ही गोष्ट येतच नाही.

"कोल्हापूर" या शब्दात अक्षरं किती? आपण म्हणतो चार: को, ल्हा, पू, र. लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या युनिकोड या मानकाच्या लेखी मात्र ती नऊ चिन्हं आहेत. क, ओकाराची मात्रा, ल, हलन्त, ह, काना, प, दीर्घ उकार आणि र. आणि डिस्कवर त्याचे होतात २७ बाइट, कारण यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. चार, नऊ, सत्तावीस. मर्यादा ठरवताना यातला कुठला आकडा मोजला जातोय, हे आधी विचारायचं.

व्हार्चार २५५ मधले २५५ मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस दोघांतही चिन्हं असतात. म्हणजे आपल्या अक्षरांत सव्वाशे ते दीडशे. एवढ्यात पुरात बुडालेल्या मोटरीची हकिकत बसत नाही. मायएसक्यूएलच्या 'टेक्स्ट' प्रकाराची मर्यादा ६५,५३५ आहे, पण ती बाइटांत. देवनागरीत ती २१,८४५ चिन्हांवर संपते. ओरॅकलमध्ये 'व्हार्चार२ ४०००' लिहिलं आणि बाकी काही बदललं नाही, तर ते ४००० बाइट असतात, म्हणजे देवनागरीची १,३३३ चिन्हं. इंग्रजीत तपासून "चार हजार अक्षरं मावतात" असं सांगितलेला प्रोग्रॅम मराठीत तिसऱ्या हिश्श्यातच भरतो.

यूटीएफ-८ ची मांडणी १९९२ साली केन थॉम्पसन आणि रॉब पाइक या संगणकतज्ज्ञांनी न्यू जर्सीतल्या एका साध्या हॉटेलात, ताटाखाली अंथरतात त्या कागदावर केली. इंग्रजी अक्षराला एक बाइट, देवनागरीला तीन आणि त्याही पलीकडच्या चिन्हांना चार. हे पलीकडचे चार बाइट आपल्याला दोन ठिकाणी भेटतात. एक, फोनवरून येणारी हात जोडलेली इमोजी. दुसरं, मोडी लिपी. २०१४ च्या युनिकोड ७.० मध्ये मोडीला जागा मिळाली, पण ती चार बाइटांच्या भागात. मायएसक्यूएलमध्ये कित्येक वर्षं 'यूटीएफ८' या नावाचा जो चिन्हसंच होता तो तीनच बाइटांपर्यंत जायचा. देवनागरी त्यात ठीक बसायची, त्यामुळं सगळं बरोबर चाललंय असं वाटायचं, आणि एक दिवस कुणीतरी नोंदीच्या मधे इमोजी टाकली की तिथून पुढचा मजकूर गायब. पूर्ण चार बाइटांचा संच २०१० मध्ये आला. त्याचं नाव 'यूटीएफ८एमबी४'. २०१८ च्या ८.० आवृत्तीपासून काही न सांगता मिळतो तो संच हाच झाला. जुना प्रोग्रॅम हाती आला तर मी आधी हेच तपासतो. कोल्हापूरच्या दप्तरांतले मोडी कागद ज्यांना उद्या मोडीतच टाइप करून ठेवायचे आहेत, त्यांना तर याशिवाय एक ओळही साठवता येणार नाही.

तीन बाइट ऐकून देवनागरी महाग पडते असं वाटेल. पण यातही एक दिलासा आहे. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट सदैव एकच असतो आणि दुसरा दोनांपैकी एक. एवढी पुनरावृत्ती असली की मजकूर दाबून लहान करणं सोपं जातं, आणि हे काम पोस्टग्रेससारखे काही डेटाबेस आपल्याला न विचारताही करतात.

मोठी नोंद जाते कुठं

आता मूळ शंका. एक नोंद चाळीस बाइटांची आणि दुसरी चाळीस हजारांची; एकाच तक्त्यात ठेवल्या तर मोठीमुळं लहान शोधायला उशीर होणार नाही का?

डेटाबेस डिस्कवर ठरावीक मापाच्या पानांत लिहितो. पोस्टग्रेसचं पान ८ केबीचं, मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवण-यंत्रणेचं १६ केबीचं. पानाचं माप ठरलेलं, पण पानावरच्या ओळींचं नाही. पोस्टग्रेसमध्ये पानाच्या सुरुवातीला एक छोटी अनुक्रमणिका असते, "पहिली ओळ इथं, दुसरी तिथं", आणि ओळी पानाच्या शेवटाकडून वर भरत येतात. त्यामुळं "बेअरिंग बदललं" ही नोंद आपले ३७ बाइट आणि लांबी सांगणारा एखादा बाइट एवढीच जागा घेते. कमाल मर्यादा किती ठेवलीय याच्याशी तिचं देणंघेणं नसतं.

मोठ्या नोंदीचं काय होतं ते समजायला रंकाळा स्टँडवरून सुटणारी जुनी एसटी डोळ्यांसमोर आणा. हातातली पिशवी मांडीवर ठेवायची. धान्याचं पोतं असेल तर ते टपावर जाणार आणि कंडक्टर लगेजची पावती फाडून हातात देणार. आत गाडीत पोत्याची जागा फक्त त्या पावतीएवढी. पोस्टग्रेस हेच करतो. ओळ साधारण २ केबीच्या पुढं गेली की तो आधी मोठा मजकूर दाबून बघतो. तरी बसला नाही तर त्याचे दोन-दोन केबीच्या आसपासचे तुकडे करून एका वेगळ्या, नजरेआडच्या तक्त्यात ठेवतो, आणि मूळ ओळीत १८ बाइटांची पावती राहते. या सोयीचं नाव टोस्ट. इनोडीबी ओळ अर्ध्या पानाच्या पुढं जायला लागली की मोठा रकाना बाहेरच्या पानांवर नेतो आणि २० बाइटांचा पत्ता मागं ठेवतो. एसक्यूलाइट उरलेला मजकूर साखळीनं जोडलेल्या पुढच्या पानांवर लिहीत जातो.

याचा अर्थ असा, की लहान आणि मोठ्या नोंदी वेगळ्या करण्याचं काम आधीच कुणीतरी फार काळजीपूर्वक करून ठेवलेलं आहे. तरीही आपण तेच पुन्हा हातानं करायला जातो. मी स्वतः स्टार्टरच्या प्रकारानंतर पहिला उपाय केला तो शेरा१, शेरा२, शेरा३ असे तीन रकाने. दोन दिवसांत दिसलं की वाक्य एका रकान्यात सुरू होऊन दुसऱ्यात संपतंय, आणि शोधताना तिन्ही धुंडाळावे लागतायत. काही जण लहान नोंदींचा एक तक्ता आणि मोठ्यांचा दुसरा करतात. मग लहान नोंदीत कुणी दोन परिच्छेद वाढवले की ती एका तक्त्यातून उचलून दुसऱ्यात ठेवायची, आणि तिच्याकडं बोट दाखवणारे सगळे धागे तुटायचे. आणखी एक मार्ग म्हणजे मजकूर फाइलमध्ये आणि डेटाबेसमध्ये फक्त फाइलचा पत्ता. फोटोंसाठी, आवाजाच्या रेकॉर्डिंगसाठी मी हे करतो. मजकुरासाठी नाही. बॅकअप घेताना डेटाबेस आजचा आणि फाइली परवाच्या असं झालं की पत्ता असतो पण घर नसतं.

एकच रकाना, प्रकार टेक्स्ट. मायएसक्यूएलमध्ये मोठ्या नोंदी येणार असतील तर मीडियमटेक्स्ट, तो १६ एमबीपर्यंत जातो. बस.

मात्र टपावरची पोती विनाकारण खाली उतरवायची नाहीत. आजच्या जॉबची यादी दाखवताना प्रोग्रॅमनं सगळे रकाने मागवले तर प्रत्येक मोठी नोंद बाहेरच्या तक्त्यातून आणून, जोडून, फुगवून द्यावी लागते. यादीला हवे तेवढेच रकाने मागवावेत आणि मजकुराची फक्त सुरुवात दाखवावी. ही सुरुवात कापतानाही चिन्ह मोजून कापू नये. "कोल्हापूर" चौथ्या चिन्हावर कापलं तर "कोल्" उरतं, पाय मोडलेलं. मोकळी जागा येईल तिथं कापावं.

मर्यादा अजिबात नको का? हवी. पण ती साठवणुकीची अडचण म्हणून नाही, तर चुकून कुणी अख्खं पुस्तक चिकटवू नये म्हणून. मी मामांच्या नोंदीला एक लाख चिन्हांची मर्यादा ठेवली आहे. ती ओलांडली तर पडद्यावर मराठीत स्पष्ट निरोप येतो आणि टाइप केलेलं तिथंच राहतं. छाटायचं कधीच नाही.

नोंदीच्या भोवतीचं घर

मजकुराच्या रकान्यावर डोकं खर्च करण्यापेक्षा त्याच्या शेजारी काय असावं यावर खर्च केलेलं बरं.

पहिल्यांदा मी एका जॉबला एकच शेरा ठेवला होता. मोटर आली तेव्हाचं, तार भरतानाचं, परत नेतानाचं, सगळं एकाच रकान्यात पुढं पुढं जोडलेलं. कुणी काय कधी लिहिलं ते कळायचं नाही, आणि दोघांनी एकदम उघडलं तर दुसऱ्याचं लिहिणं पहिल्याचं पुसून टाकायचं. आता नोंदी हा वेगळा तक्ता आहे. प्रत्येक ओळीत नोंदीचा क्रमांक, ती कुठल्या जॉबची, कुणी लिहिली, कधी लिहिली आणि मजकूर. एका जॉबला एक नोंद असेल नाहीतर चाळीस. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये तक्त्यांची ही मांडणी सुचवली. तिच्यातली मला सर्वात आवडणारी गोष्ट हीच आहे, की "किती" हे आधी ठरवावं लागत नाही.

लिहिलेली नोंद बदलायची असेल तर जुनी पुसत नाही. दुरुस्ती नव्या ओळीत येते आणि तिच्यात जुन्या नोंदीचा क्रमांक असतो. मामांच्या वहीत खाडाखोड झाली तरी खालचं वाचता यायचं, तेवढं तरी प्रोग्रॅमनं द्यायला हवं.

मजकुरातलं काय उचलून वेगळ्या रकान्यात घ्यायचं? माझी कसोटी साधी आहे. ज्याची बेरीज करायची, ज्यावर क्रम लावायचा किंवा ज्याच्यासाठी कुणीतरी भांडायला येईल, ते रकान्यात. एचपी, ॲडव्हान्स, गाव, परत द्यायची तारीख. स्टार्टर आला की नाही, हा आता होय-नाहीचा स्वतंत्र रकाना आहे, आणि त्याचं उत्तर दिल्याशिवाय जॉब नोंदवता येत नाही. पण या वाटेनं फार पुढं जाऊ नये. मी उत्साहात एकदा गाळाची जाडी, तारेचा रंग, बुशची झीज अशा सगळ्याला चौकटी केल्या. पोरं त्या मोकळ्या सोडायला लागली आणि खरं काय ते शेऱ्यातच लिहायला लागली. कारागिराला जे सांगायचं असतं त्याला आकार नसतो. त्याच्यासाठी मोकळा रकाना राखून ठेवणं हाच त्याचा मान.

पूर शोधला तर पुरात सापडत नाही

नोंद टिकली, पण सापडली नाही तर टिकून काय उपयोग? मामांनी विचारलं होतं, "पुरात बुडालेल्या सगळ्या मोटरी दाव." मी शोधात "पूर" लिहिलं. जवळजवळ काहीच आलं नाही.

कारण उघड आहे, फक्त माझ्या लक्षात यायला वेळ लागला. कुणी "पूर" असं लिहीतच नाही. लिहितात "पुरात बुडाली", "पुराचं पाणी शिरलं". विभक्ती लागली की दीर्घ पू ऱ्हस्व होतो. गूळ, गुळाचा. कोल्हापूर, कोल्हापुरात. आपल्याला तो एकच शब्द वाटतो. डेटाबेसला दोन वेगळी चिन्हं दिसतात आणि तो जुळवत नाही.

मराठीत असे सापळे आणखी आहेत, आणि काही तर डोळ्यांना दिसतच नाहीत. "ॲडव्हान्स" मधला ॲ दोन प्रकारे टाइप होतो. एक म्हणजे सबंध एकच चिन्ह, जे युनिकोडमध्ये २००८ साली आलं. दुसरा म्हणजे अ आणि वर चंद्र. पडद्यावर दोन्ही सारखे, आत वेगळे. काही कीबोर्ड एक देतात, काही दुसरा. "दुसऱ्या" मधला ऱ्य तर तीन तऱ्हांनी येतो: ऱ हे स्वतंत्र चिन्ह, र खाली नुक्ता म्हणजे टिंब देऊन, किंवा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. युनिकोडचं एनएफसी नावाचं प्रमाणीकरण पहिल्या दोन तऱ्हा एक करतं. तिसरी तशीच राहते, आणि ॲ च्या बाबतीत तर ते काहीच करत नाही. आकडे देवनागरीत असतात तसे इंग्रजीतही असतात.

यावर आम्ही जो उपाय केला तो कुठल्याही डेटाबेसमध्ये चालतो. नोंदीच्या तक्त्यात आणखी एक रकाना केला: शोधरूप. मूळ मजकुराला हात लावायचा नाही, माणसानं लिहिलं तसंच ते राहायला हवं. त्याची एक प्रत शोधरूपात जाते आणि तिथं सगळं सपाट केलं जातं. दीर्घ वेलांटी-उकार ऱ्हस्व, दोन्ही ॲ एकसारखे, ऱ चा साधा र, न दिसणारे जोडक काढून टाकायचे, आकडे एकाच लिपीत. शोधायला लिहिलेल्या शब्दालाही हेच संस्कार करायचे, आणि त्याच्या शेवटी वेलांटी किंवा मात्रा असेल तर ती काढायची. मग "पूर" चं "पुर" होतं आणि "पुरात", "पुराचं" दोन्ही सापडतात. "पाणी" चं "पाण" होऊन "पाण्यात" सापडतं. "शेतकरी" चं "शेतकर" होतं आणि "शेतकऱ्याला" ही नोंदसुद्धा निघते, कारण शोधरूपात तीही साध्या र नं लिहिलेली असते. "पुर" शोधताना "पुरवठा" पण येतो. येऊ दे. दोन जास्त आल्या तर माणूस नजरेनं बाजूला करतो. न आलेली नोंद त्याला माहीतच होत नाही.

वेगाचं म्हणाल, तर आधी हिशोब मांडून बघावा. मामांच्या दुकानात दिवसाला पंधरा नोंदी धरल्या, वर्षाचे तीनशे दिवस, वीस वर्षं, तर ९०,००० नोंदी होतात. सरासरी ६०० बाइट धरले तर सगळ्या मिळून ५४ एमबी. फोनवरच्या एखाद्या व्हिडिओएवढं. एवढं सगळं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढायलाही संगणकाला फार वेळ लागत नाही. नोंदी लाखांच्या पुढं जायला लागल्या की शब्दसूची करावी, म्हणजे पुस्तकाच्या शेवटी असते तशी: हा शब्द या या नोंदींत. पोस्टग्रेसमध्ये, मायएसक्यूएलमध्ये आणि एसक्यूलाइटच्या एफटीएस५ या शोधाच्या जोडभागात ही सोय आहे, आणि शोधरूपाच्या रकान्यावर ती लावली की मराठीचे निम्मे प्रश्न आधीच सुटलेले असतात. नेहमीची इंडेक्स, म्हणजे रकान्यावर लावायची साधी सूची, इथं कामाची नाही. ती शब्दकोशासारखी पहिल्या अक्षरापासून लावलेली असते, त्यामुळं मजकुराच्या मधला शब्द तिला सांगता येत नाही.

छाटल्या गेलेल्या नोंदी

नवा प्रोग्रॅम तयार झाल्यावर जुन्या नोंदी त्यात आणायच्या होत्या. आणखी कुठल्या नोंदी तुटल्या असतील, हे कसं कळणार? उत्तर सोपं निघालं. ज्या मजकुराची लांबी नेमकी २५५ चिन्हं आहे, तेवढ्या काढायच्या. माणूस लिहिता लिहिता बरोबर २५५ व्या चिन्हावर थांबणं फार दुर्मीळ. एक्केचाळीस नोंदी निघाल्या. बहुतेक शब्दाच्या मधेच थांबलेल्या, दोन तर नुसत्या हलन्तावर. जवळजवळ सगळ्या ऑगस्ट-सप्टेंबर २०१९ च्या.

एका रविवारी मामा आणि मी दुकान बंद करून बसलो. मी एकेक नोंद वाचायचो आणि ती जिथं तुटली तिथं थांबायचो. मामा डोळे मिटून मोटर आठवायचे. "आंबेवाडीची साडेसातची नव्हं? तिचा शाफ्ट वाकला हुता. त्येच लिवलं आसणार." असं करत सव्वीस नोंदी पुऱ्या झाल्या. त्या आम्ही जुन्या मजकुरात मिसळल्या नाहीत. त्या दिवसाच्या तारखेनं, मामांच्या नावानं, नव्या ओळी म्हणून जोडल्या. उरलेल्या पंधरांपुढं एका रकान्यात लिहून ठेवलं आहे, "पुढचा मजकूर तुटलेला". त्यातल्या एखाद्या गावचा शेतकरी दुकानात आला की मामा चहा सांगतात आणि त्यालाच विचारतात.